पहारेकरी कोणाच्या वाड्याचा?

अमेरिकेची राज्यघटना म्हणजे स्वातंत्र्याची सनद आणि त्या देशाचे सर्वोच्च न्यायालय म्हणजे त्या सनदेवर डोळ्यांत तेल घालून पहारा करणारा रखवालदार, असे चित्र सुशिक्षित वर्गाच्या मनात पक्के ठसले आहे. नागरिकशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांनी ते रेखाटले आणि वृत्तपत्रांच्या अग्रलेखांनी त्यात रंग भरले. याच्या नेमका उलट समज डाव्या चळवळीतील काही कार्यकर्त्यांत आढळतो. न्यायालय हे भांडवलदारांच्या हातातील हत्यार आहे, तेव्हा त्याच्या निवाड्यांची चिकित्सा करणे म्हणजे वेळेचा अपव्यय, असे ते मानतात. दोन्ही समज सारखेच आळशी आहेत. पहिला इतिहास वाचत नाही. दुसरा इतिहासापासून काही शिकत नाही.

वस्तुस्थिती अशी आहे की घटनेचा अखेरचा अर्थ सांगण्याचा अधिकार अमेरिकन घटनेने न्यायालयाला स्पष्ट शब्दांत कधीच दिलेला नाही. न्यायाधीशांनी तो स्वतःकडे घेतला. पुढील सव्वादोनशे वर्षांत तो अधिकार बहुतेक वेळा मालमत्तेच्या बाजूने वापरला गेला. ज्या थोड्या वेळा तो दुर्बलांच्या बाजूने वापरला गेला, त्या वेळी जवळजवळ नेहमीच न्यायालयाच्या दाराबाहेर संघटित लोक उभे होते. ही तीन विधाने पुराव्यानिशी तपासण्याजोगी आहेत.

कर्जबाजारी शेतकरी आणि घटनाकार

घटनेची कहाणी फिलाडेल्फियाच्या सभागृहात सुरू होत नाही. ती 1786 साली मॅसॅच्युसेट्सच्या ग्रामीण भागात, न्यायकचेऱ्यांच्या दारात सुरू होते. इंग्रजांशी लढून परतलेले सैनिक शेतीकडे वळले, तेव्हा त्यांच्या पदरात घसरलेल्या किमतीचे कागद होते. सरकार मात्र कर रोख नाण्यांत मागत होते आणि व्यापारी-सावकार कर्जाच्या वसुलीसाठी दावे लावत होते. शेते जप्त होऊ लागली, कर्जदार तुरुंगात जाऊ लागले. अखेर डॅनियल शेज या माजी कॅप्टनच्या आणि इतरांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी सशस्त्र जमावाने न्यायालये बंद पाडली. न्यायालय बसले नाही तर हुकूमनामा निघणार नाही आणि हुकूमनामा निघाला नाही तर जमीन जाणार नाही, हा त्यांचा हिशेब सरळ होता. बॉस्टनच्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून फौज उभी केली आणि 1787 च्या आरंभी हे बंड मोडून काढले.

त्याच वर्षी मे महिन्यात फिलाडेल्फियात घटना परिषद भरली. 55 प्रतिनिधी आले. 17 सप्टेंबरला त्यांपैकी 39 जणांनी मसुद्यावर सह्या केल्या. चर्चा बंद दाराआड झाली. वकील, व्यापारी, मळेवाले आणि सरकारी रोख्यांचे धारक यांची तेथे दाटी होती. ज्याची शेती जप्त झाली होती असा शेतकरी शोधूनही सापडला नसता. परिषदेने तयार केलेल्या घटनेत राज्यांना कागदी चलन काढण्यास आणि करारांचे बंधन शिथिल करणारे कायदे करण्यास मनाई करण्यात आली. कर्जदाराला दिलासा देण्याचे जे दोन मार्ग राज्यांच्या विधिमंडळांपुढे होते, ते दोन्ही एका कलमाने बंद झाले. अंतर्गत बंडाळी मोडण्यासाठी मध्यवर्ती सत्तेच्या हाती बळ आले. गुलाम हा शब्द मूळ घटनेत कोठेही नाही; परंतु प्रतिनिधित्वाची गणना करताना गुलामाची किंमत तीन-पंचमांश माणूस अशी धरली गेली, गुलामांच्या आयातीला 1808 पर्यंत अभय मिळाले आणि पळून गेलेला गुलाम मालकाच्या स्वाधीन करण्याचे बंधन घालण्यात आले.

कोलंबिया विद्यापीठातील प्राध्यापक चार्ल्स बिअर्ड यांनी 1913 साली या घटनेची आर्थिक मीमांसा करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा मोठी खळबळ उडाली. घटनाकारांपैकी कोणाजवळ किती रोखे होते या त्यांच्या हिशेबात पुढे इतिहासकारांनी अनेक चुका दाखवल्या आणि त्या मान्य करणे प्राप्त आहे. परंतु रोख्यांचा हिशेब चुकला म्हणून कलमांचा अर्थ बदलत नाही. कलमे कोणाच्या बाजूची होती, हे वाचणाऱ्याला आजही दिसते. भाषणस्वातंत्र्य, धर्मस्वातंत्र्य, पंचांसमक्ष खटला हे ज्या हक्कांचे गोडवे गायिले जातात, त्यांतील बहुतेक हक्क मूळ मसुद्यात नव्हतेच. घटनेला संमती देताना राज्याराज्यांतून ओरड झाली, म्हणून 1791 साली पहिल्या 10 दुरुस्त्यांच्या रूपाने ते आले. हक्क मागून घ्यावे लागतात, याचा हा पहिला दाखला.

अधिकार कोणी दिला?

न्यायसंस्थेसंबंधीचे तिसरे कलम आश्चर्य वाटावे इतके त्रोटक आहे. एक सर्वोच्च न्यायालय असेल. खालची संघीय न्यायालये काँग्रेसला वाटल्यास ती स्थापील. न्यायाधीश सद्वर्तन असेतोवर पदावर राहतील आणि त्यांचे वेतन कमी करता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयात किती न्यायाधीश असावेत हेदेखील त्यात नाही. 1789 च्या कायद्याने ही संख्या 6 ठरवली. नंतर ती 7, 9, 10 अशी वाढत गेली, पुन्हा 7 वर आणण्याचे ठरले आणि 1869 साली 9 वर स्थिरावली. आज या न्यायालयाच्या खाली 94 जिल्हा न्यायालये आणि 13 अपील न्यायालये अशी संघीय उतरंड आहे. तिच्या शेजारी प्रत्येक राज्याची स्वतंत्र न्यायव्यवस्था उभी आहे आणि देशातील बहुसंख्य खटले तेथेच चालतात. भारतात कनिष्ठ न्यायालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत एकच शिडी आहे. अमेरिकेत दोन शिड्या आहेत. संघीय न्यायालयांकडे संघीय कायद्याचे तंटे तर येतातच, पण वेगवेगळ्या राज्यांच्या नागरिकांमधील दावेही येतात. एका राज्यातील सावकाराला दुसऱ्या राज्यातील कर्जदाराच्या गावकऱ्यांपुढे उभे राहण्याची पाळी येऊ नये, ही त्यामागील एक मोठी सोय होती.

विधिमंडळाने केलेला कायदा घटनाबाह्य म्हणून रद्द ठरवण्याचा अधिकार या कलमात शब्दाने नमूद नाही. अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी 1788 साली त्याचे समर्थन केले होते हे खरे. न्यायसंस्थेच्या हाती तलवारही नाही आणि तिजोरीही नाही, तेव्हा तिच्यापासून कोणाला भय नाही, असा त्यांचा दिलासा होता. पण तो अधिकार प्रत्यक्षात आला 1803 साली, मार्बरी विरुद्ध मॅडिसन या खटल्यात. आणि ज्या रीतीने आला ती पाहण्यासारखी आहे. 1800 च्या निवडणुकीत पराभूत झालेले अध्यक्ष जॉन ॲडम्स यांनी जाता जाता आपल्या पक्षाच्या माणसांना न्यायाधीशपदे वाटली. विल्यम मार्बरी हे त्यांपैकी एक. त्यांचे नेमणूकपत्र वेळेत पोहोचवण्याचे काम परराष्ट्रमंत्री जॉन मार्शल यांचे होते. ते राहून गेले. नवे अध्यक्ष जेफर्सन यांनी पत्र अडवले. मार्बरी सर्वोच्च न्यायालयात गेले, तर तेथे सरन्यायाधीशाच्या आसनावर तेच जॉन मार्शल! ज्यांच्या हातून चूक झाली तेच निवाडा करायला बसले. त्यांनी निर्णय दिला की मार्बरींचा हक्क खरा आहे. परंतु असा आदेश थेट काढण्याचा अधिकार ज्या कायद्याने या न्यायालयाला दिला, तो कायदाच घटनाबाह्य आहे. एक क्षुल्लक अधिकार नाकारून मार्शल यांनी सर्वांत मोठा अधिकार पदरात पाडून घेतला. आज्ञाच निघाली नव्हती, म्हणून जेफर्सन यांना ती मोडताही आली नाही. मुत्सद्देगिरी म्हणून याला तोड नाही. लोकसत्तेचा दाखला म्हणून मात्र हे पुढे करता येणार नाही.

कुंपण आणि शेत

हा अधिकार हाती आल्यावर तो दुर्बलांच्या रक्षणासाठी वापरला गेला काय? काँग्रेसचा कायदा न्यायालयाने दुसऱ्यांदा रद्द केला तो 54 वर्षांनी, 1857 साली, ड्रेड स्कॉट या गुलामाच्या खटल्यात. सरन्यायाधीश रॉजर टॉनी यांच्या न्यायालयाने 7 विरुद्ध 2 मतांनी ठरवले की आफ्रिकी वंशाचा माणूस या देशाचा नागरिकच होऊ शकत नाही आणि नव्या प्रदेशांत गुलामगिरीला बंदी करण्याचा अधिकार काँग्रेसला नाही. कारण, गुलाम ही मालकाची मालमत्ता! हा निवाडा न्यायालयाने फिरवला नाही. तो यादवी युद्धाने, लाखो लोकांच्या प्राणांच्या मोलाने आणि 1865 ते 1870 या काळातील तीन घटनादुरुस्त्यांनी फिरवला.

त्या दुरुस्त्यांचे पुढे काय झाले, हा तर न्यायालयीन इतिहासातील सर्वांत लाजिरवाणा अध्याय आहे. 1868 ची चौदावी दुरुस्ती मुक्त झालेल्या गुलामांसाठी होती. कायद्याचे समान संरक्षण प्रत्येक व्यक्तीला मिळेल आणि रीतसर कायदेशीर प्रक्रियेशिवाय कोणाचे जीवित, स्वातंत्र्य वा मालमत्ता राज्य हिरावून घेणार नाही, असे तिने सांगितले. 1883 साली न्यायालयाने काँग्रेसचा 1875 चा नागरी हक्क कायदा मोडीत काढला. 1896 साली प्लेसी खटल्यात ‘वेगळे पण समान’ या सूत्राखाली रेल्वेच्या डब्यांतील वर्णभेदावर शिक्कामोर्तब केले. एकटे न्यायमूर्ती हार्लन विरोधात उभे राहिले. मधल्या काळात, 1886 साली, एका रेल्वे कंपनीच्या करविषयक खटल्यात सरन्यायाधीशांनी युक्तिवाद सुरू होण्यापूर्वीच जाहीर केले की कंपनी ही चौदाव्या दुरुस्तीखाली व्यक्ती आहे की नाही यावर न्यायालयाला काही ऐकायचे नाही. ती व्यक्ती आहेच. काळ्या माणसाला जे संरक्षण नाकारले ते कंपनीला न मागता मिळाले. न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी 1938 साली एका भिन्नमतपत्रात हिशेब मांडला : पहिल्या 50 वर्षांत चौदावी दुरुस्ती लागू करणारे जे खटले सर्वोच्च न्यायालयात झाले, त्यांपैकी काळ्यांच्या रक्षणासाठीचे अर्ध्या टक्क्याहूनही कमी होते आणि कंपन्यांना लाभ मागणारे निम्म्याहून अधिक. कुंपणच शेत खाते, असे म्हणतात. येथे कुंपण घालणाऱ्यांनीच शेत दुसऱ्याच्या नावावर करून दिले.

1895 : तीन निवाडे

ज्यांना न्यायालयाच्या तटस्थतेबद्दल अजून भाबडा विश्वास वाटत असेल, त्यांनी 1895 हे एक वर्ष तपासावे. जानेवारी ते मे या अवधीत तीन निवाडे झाले. पहिला साखर मक्तेदारीचा. देशातील साखर शुद्धीकरणाचा सुमारे 98 टक्के धंदा एका कंपनीच्या मुठीत आला होता. 1890 च्या मक्तेदारीविरोधी कायद्याखाली सरकार न्यायालयात गेले. न्यायालय म्हणाले, उत्पादन म्हणजे व्यापार नव्हे, तेव्हा आंतरराज्य व्यापाराचा हा कायदा येथे लागू नाही. दुसरा निवाडा प्राप्तिकराचा. श्रीमंतांच्या उत्पन्नावर 2 टक्के कर बसवणारा 1894 चा कायदा 5 विरुद्ध 4 मतांनी रद्द झाला. तिसरा निवाडा यूजीन डेब्ज यांचा. पुलमन कंपनीने मजुरी कापली, पण आपल्या वसाहतीतील घरभाडे मात्र कमी केले नाही. कामगारांनी संप केला आणि डेब्ज यांच्या रेल्वे कामगार संघटनेने त्याला पाठिंबा दिला. संघीय न्यायालयाने मनाईहुकूम काढला, सैन्य आले, डेब्ज तुरुंगात गेले. सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो मनाईहुकूम उचलून धरला. आधार कोणता? आंतरराज्य व्यापाराचे रक्षण! साखरसम्राटापुढे जो व्यापार सापडत नव्हता, तो संपकऱ्यापुढे लगेच सापडला. खालच्या न्यायालयाने तर संपकऱ्यांविरुद्ध तोच मक्तेदारीविरोधी कायदा वापरला होता. डेब्ज तुरुंगात गेले तेव्हा कामगार पुढारी होते. बाहेर आल्यावर ते समाजवादाकडे वळले आणि पुढे देशातील सर्वांत मोठे समाजवादी नेते झाले.

त्यानंतरची चाळीस वर्षे याच वाटेने गेली. 1905 साली लॉकनर खटल्यात न्यूयॉर्क राज्याचा भटारखान्यांतील कामगारांविषयीचा कायदा रद्द झाला. दिवसाला 10 आणि आठवड्याला 60 तासांपेक्षा अधिक काम घेऊ नये, एवढेच तो सांगत होता. न्यायालयाच्या मते, 60 तासांहून अधिक राबण्याचा करार करणे हे कामगाराचे स्वातंत्र्य होते! भट्टीपुढे भाजून निघणाऱ्या माणसाला असे स्वातंत्र्य बहाल करणाऱ्यांना घटना कोणतीही एक आर्थिक उपपत्ती शिरोधार्य मानत नाही, असे न्यायमूर्ती होम्स यांनी भिन्नमतात सुनावले. सगळेच कामगार कायदे पडले असे नाही. 1908 साली स्त्री-कामगारांच्या 10 तासांच्या दिवसाला मान्यता मिळाली. परंतु 1918 साली बालमजुरीविरोधी कायदा पडला, 1922 साली त्यासाठी बसवलेला कर पडला आणि 1923 साली राजधानीतील स्त्रियांचे किमान वेतनही पडले. भाषणस्वातंत्र्याची कथा वेगळी नव्हती. पहिल्या महायुद्धाविरुद्ध कँटन येथे 1918 साली एक भाषण केले म्हणून डेब्ज यांना 10 वर्षांची शिक्षा झाली. ती 1919 साली न्यायालयाने एकमताने कायम केली आणि निकालपत्र लिहिले त्याच होम्स यांनी. उदारमतवादी न्यायमूर्तींवर भिस्त ठेवणाऱ्यांनी हे विसरू नये. 1920 साली डेब्ज यांनी तुरुंगातून अध्यक्षपदाची निवडणूक लढवली आणि 9 लाखांहून अधिक मते मिळवली.

भिंत कशी ढासळली

1929 च्या मंदीनंतर रूझवेल्ट सरकारने उद्योग, शेती आणि मजुरी यांविषयी जे कायदे केले त्यांतील अनेक 1935-36 मध्ये न्यायालयाने एकामागून एक रद्द केले. जून 1936 मध्ये न्यूयॉर्कचा स्त्रियांच्या किमान वेतनाचा कायदाही 5 विरुद्ध 4 मतांनी पडला. नोव्हेंबर 1936 मध्ये रूझवेल्ट 48 पैकी 46 राज्ये जिंकले. फेब्रुवारी 1937 मध्ये त्यांनी न्यायालयात आणखी 6 पर्यंत न्यायाधीश नेमण्याची योजना मांडली. 29 मार्चला वॉशिंग्टन राज्यातील एल्सी पॅरिश या हॉटेलात खोल्या साफ करणाऱ्या स्त्रीच्या खटल्यात त्याच न्यायालयाने, न्यायाधीश एकही बदललेला नसताना, किमान वेतन घटनासंमत ठरवले. एका न्यायमूर्तींनी बाजू बदलली होती.

रूझवेल्ट यांच्या योजनेला भिऊन हे झाले, असे सामान्यतः सांगितले जाते. ते बरोबर नाही. त्या न्यायमूर्तींनी अंतर्गत बैठकीत आपले मत डिसेंबर 1936 मध्येच नोंदवले होते. योजना जाहीर झाली ती नंतर. परंतु निवडणुकीचा कौल त्याआधीच लागला होता. पाठोपाठ 30 डिसेंबरला फ्लिंट येथील मोटार कामगारांनी कारखान्यातच ठाण मांडले आणि 44 दिवसांनी जनरल मोटर्ससारख्या बलाढ्य कंपनीला संघटनेशी करार करावा लागला. मार्चमध्ये सर्वांत मोठी पोलाद कंपनी संघटनेला मान्यता देऊन मोकळी झाली. मग 12 एप्रिलला न्यायालयाने कामगारांच्या संघटनेचा हक्क मान्य करणारा वॅग्नर कायदा 5 विरुद्ध 4 मतांनी वैध ठरवला. न्यायमूर्तींच्या अंतःकरणात काय होते ते त्यांनाच ठाऊक. परंतु कालक्रम स्पष्ट आहे. कारखान्याच्या दारात जे आधी मिळवले गेले, त्याची नोंद न्यायालयात मागाहून झाली.

‘पण ब्राउन खटल्याचे काय?’

या सर्वावर एक आक्षेप हटकून घेतला जातो आणि तो टाळता येणार नाही. 1954 साली ब्राउन खटल्यात न्यायालयाने एकमताने शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवला. 1963 साली फ्लोरिडाच्या तुरुंगातून गिडियन नावाच्या एका गरीब कैद्याने पेन्सिलीने लिहिलेल्या अर्जावरून, ऐपत नसलेल्या आरोपीला सरकारी खर्चाने वकील देण्याचे बंधन राज्यांवर आले. हे निवाडे थोर आहेत. त्यांचे थोरपण नाकारणारा समाजवादी नव्हे, केवळ आग्रही होय.

परंतु ब्राउन खटला आकाशातून पडला नाही. 1909 साली स्थापन झालेल्या काळ्यांच्या हक्क संघटनेने त्यासाठी दशकानुदशके खटले लढवले होते. निवाडा झाला तरी अंमलबजावणीच्या 1955 च्या आदेशात न्यायालयाने मुदत घातली नाही. सबुरीने पण वेगाने, अशा अर्थाचे गुळमुळीत शब्द घातले. परिणाम असा की दहा वर्षांनीही दक्षिणेत गोऱ्या मुलांबरोबर शिकणारी काळी मुले शंभरात एक-दोनच होती. तलवार आणि तिजोरी हाती नसल्याचे हॅमिल्टन यांचे विधान येथे नेमके खरे ठरले. परिस्थिती पालटली ती माँटगोमेरीत 381 दिवस बसवर बहिष्कार घालून पायी चालणाऱ्या कष्टकरी स्त्री-पुरुषांमुळे, तुरुंग भरणाऱ्या विद्यार्थ्यांमुळे, आणि त्या रेट्याने झालेल्या 1964 व 1965 च्या कायद्यांमुळे. न्यायालयाने दार उघडे असल्याचे सांगितले. ते ढकलण्याचे काम लोकांनाच करावे लागले.

शिवाय तो उदार काळ फार टिकला नाही. 1973 साली सॅन अँटोनिओच्या गरीब वस्तीतील पालकांनी विचारले, की शाळांचा पैसा स्थानिक मालमत्ता करातून येतो, मग गरीब वस्तीची शाळा कायम गरीबच राहणार, ही समानता कोणती? न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी सांगितले की शिक्षण हा घटनेने हमी दिलेला मूलभूत हक्क नाही. वर्णाच्या भिंतीवर घाव घालणारे न्यायालय मालमत्तेच्या भिंतीपाशी येऊन थबकले. 1976 साली निवडणुकीतील खर्चावरची मर्यादा भाषणस्वातंत्र्याच्या नावाने उठवली गेली आणि 2010 साली कंपन्यांनाही स्वतंत्र प्रचारावर अमर्याद पैसा ओतण्याची मुभा मिळाली. 2013 साली 1965 च्या मतदान हक्क कायद्याचा कणा मोडला. 2018 साली सरकारी कर्मचाऱ्यांच्या संघटनांना बिगर-सभासदांकडून वाटाघाटींच्या खर्चाचा वाटा घेण्यास मनाई झाली, तीही भाषणस्वातंत्र्याच्याच नावाने. 1973 साली मान्य केलेला गर्भपाताचा हक्क 2022 साली न्यायालयानेच काढून घेतला. 2024 साली तर अध्यक्षाच्या अधिकृत कृत्यांना फौजदारी खटल्यापासून व्यापक संरक्षण देण्यात आले. पाच माणसांनी दिलेला हक्क पाच माणसे परत घेऊ शकतात, हे ज्यांना आधी पटले नव्हते त्यांना आता तरी पटावे.

नाड्या कोणाच्या हाती?

दोष केवळ न्यायाधीशांच्या वृत्तीचा नाही, रचनेचा आहे. न्यायाधीशांची निवड अध्यक्ष करतो आणि संमती सिनेट देते. सिनेटमध्ये प्रत्येक राज्याला दोन जागा. 2020 च्या शिरगणतीनुसार कॅलिफोर्नियात सुमारे 3 कोटी 95 लाख लोक राहतात आणि वायोमिंगमध्ये 5 लाख 77 हजार. तरी दोघांचे वजन सारखे. नेमणूक तहहयात. आजवर सर्वोच्च न्यायालयाच्या एकाच न्यायाधीशावर महाभियोग चालला, सॅम्युएल चेस यांच्यावर, आणि तेही 1805 साली सुटले. तेव्हा एका न्यायाधीशाचा मृत्यू कोणत्या महिन्यात होतो यावर कोट्यवधी लोकांचे हक्क अवलंबून राहतात. मार्च 2016 मध्ये सुचवलेल्या नावाची सिनेटने निवडणुकीचे वर्ष आहे म्हणून सुनावणीसुद्धा घेतली नाही; त्याच पक्षाच्या सिनेटने ऑक्टोबर 2020 मध्ये, मतदानाला आठवडा उरला असताना, दुसऱ्या नावाला संमती दिली. घटना दुरुस्त करावी म्हटले तर दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश आणि 50 पैकी 38 राज्यांची मान्यता हवी. म्हणजे 13 लहान राज्ये सगळ्या देशाला अडवू शकतात.

या इतिहासाचा भारताशी दूरचा संबंध नाही. घटना समितीचे सल्लागार बी. एन. राव 1947 साली अमेरिकेत गेले, तेव्हा तेथील न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांनी त्यांना ‘रीतसर प्रक्रिया’ या शब्दप्रयोगापासून सावध केले. भारताच्या 21 व्या कलमात म्हणून ‘कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’ असे शब्द आले. कोलंबियात शिकलेल्या डॉ. आंबेडकरांनी डिसेंबर 1948 मध्ये दोन्ही बाजूंचे धोके घटना समितीपुढे ठेवले : विधिमंडळ पक्षीय बहुमताने हक्क तुडवू शकते आणि मूठभर न्यायाधीशही स्वतःच्या ग्रहांनुसार चांगला कायदा बुडवू शकतात. दोन्ही धोके खरे ठरले. 1970 साली बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा कायदा मालमत्तेच्या हक्कापुढे पडला. 1976 साली, आणीबाणीत स्थानबद्ध झालेल्यांना न्यायालयात दाद मागता येणार नाही, असे 4 विरुद्ध 1 मतांनी ठरले; न्यायमूर्ती खन्ना एकटे वेगळे उभे राहिले. त्या तुरुंगांत समाजवादी कार्यकर्तेही होते. ती कोंडी फुटली ती 1977 च्या मतपेटीने. म्हणून न्यायालय दुबळे करा, हा उपाय नव्हे. दुबळ्या न्यायालयाचा पहिला लाभ हुकूमशहाला मिळतो.

उपाय दुसरा आहे आणि तोही अमेरिकन कामगारांनीच दाखवला आहे. मनाईहुकुमांनी संप मोडण्याचा चाळीस वर्षांचा परिपाठ त्यांनी न्यायमूर्तींची मने वळण्याची वाट पाहत सोसला नाही. त्यांनी संघटना बांधल्या, विधिमंडळात माणसे पाठवली आणि 1932 च्या नॉरिस-लागार्डिया कायद्याने, कामगार तंट्यांत मनाईहुकूम काढण्याचा संघीय न्यायालयांचा अधिकारच जवळजवळ संपुष्टात आणला. प्राप्तिकराचा निवाडा 1913 च्या सोळाव्या दुरुस्तीने पुसला. बालमजुरीविरुद्धची दुरुस्ती राज्यांत अडकली, तेव्हा 1938 साली नवा कायदा झाला आणि 1941 साली न्यायालयाला तो मानावा लागला. न्यायाधीशांना 18 वर्षांची ठरावीक मुदत असावी, ही सूचना जुलै 2024 मध्ये अध्यक्ष बायडन यांनीही केली होती. ती रास्त आहे, पण तीमागे लोकांचा रेटा नसेल तर ती कागदावरच राहील.

पहारेकरी ज्या वाड्याचे मीठ खातो त्याची राखण करतो, यात नवल काही नाही. गरिबाच्या झोपडीवर पहारा हवा असेल तर पहारेकऱ्याच्या सद्बुद्धीसाठी प्रार्थना करून भागणार नाही, आणि त्याला शिव्या देऊनही भागणार नाही. त्याची नेमणूक कोण करतो, त्याची मुदत किती आणि त्याच्याकडून जाब कोण घेतो, हे तीन प्रश्न हाती घ्यावे लागतील. अमेरिकेत हे प्रश्न जेव्हा जेव्हा लोकांनी हाती घेतले, तेव्हा तेव्हा निवाडे बदलले. जेव्हा लोक घरी बसले, तेव्हा निवाडे मालमत्तेच्या वाड्यावर परत गेले.